थवा उठला नाही

२० मेहर

आज दुपारी नेयकला गावी पोचले. प्रवास उत्तम झाला. रश्तहून केलेल्या टॅक्सीवाल्याला बसतानाच बजावलं होतं की गाडीत सिगारेट नाही आणि गाणी नाहीत. त्याने दोन्ही पाळलं. फक्त उतरताना म्हणाला की खानुम, तुमचे विद्यार्थी अजून झोपेत दचकत असतील. मी म्हटलं, दचकत असतील तर शिकवलेलं अंगी लागलं म्हणायचं.

फाट्यावर तूरान उभी होती. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मध्ये पत्रं होती, पुढे तीही आटली. या उन्हाळ्यात तिचा अचानक फोन आला. काही हिवाळे ती इथल्या राखीव तळ्यावर पक्ष्यांची मोजणी करते आहे, एकटीला झेपत नाही, तू निवृत्त होऊन भिंतींना धडे देत बसली असशील, तर ये, असं सरळ म्हणाली. मला असं बोलणारी माणसं आवडतात. आले.

भेटल्याभेटल्या तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली की फखरी, कपाळावरची आठी तशीच आहे, आता तिला शोभणारा चेहराही मिळाला. मी म्हटलं, तुझी जीभही तशीच आहे, तिला मात्र चेहरा पुरत नाही. बांधावरून घरापर्यंत आम्ही हसत आलो. म्हणजे ती हसत होती.

घर बांधावरच आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात नारिंगाची झाडं. मागच्या खोपट्यात राखणदार मश सफर आणि त्याची बायको नबात. नबातने भात, धुरावलेला मासा आणि लसणाचं लोणचं वाढलं. मासा खारट होता, तसं सांगितलं. ती म्हणाली की उद्यापासून तुमच्या जिभेप्रमाणे करीन, खानुम मोअल्लेम, शिक्षिकाबाई, तुम्हाला काय आवडतं ते मला नीट कळू द्या.

खिडकीतून सगळं तळं दिसतं. मेहर महिन्याचं, शरदाचं ऊन, कापणी झालेली भाताची खाचरं, पलीकडे बोरूचं रान. पांढऱ्या कपाळाचे चांदवे आलेत, चक्रांग बदकांची पहिली टोळी आली आहे. बाहेरचा कोट, गमबूट, दुर्बीण, खिशात ही वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. आणखी काय लागतं माणसाला.

महीनला फोन केला. रेंज फक्त नान भाजणाऱ्या नानवाईच्या दुकानापाशी येते. महीन माझी धाकटी बहीण, मला आबजी म्हणते, माझं म्हणावं असं एवढं एकच माणूस. नवरा गेल्यापासून ती रश्तला एकटी असते. तिला लगेच यायचं होतं. म्हटलं, आधी मला बस्तान बसवू दे, यल्दाला, वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीला, बघू.

२६ मेहर

दिनक्रम बसला. उजाडताना मी तळ्याच्या पूर्व टोकाला बोरूच्या कुटीत जाऊन बसते. तिथून पाणी समोर आणि जुन्या कालव्याचं तोंड डाव्या हाताला. पूर्वी हे तळं म्हणजे दामगाह होतं, बदकं धरायची जागा. आमच्या गिलान प्रांतातही होती, त्यामुळे मला नवल नाही. आता धरणं बंद आहे.

जुन्या दिवसांतली एक रीत मात्र अजून आहे. पाण्याजवळ कोणी कोणाला हाक मारत नाही. बदकं बुजू नयेत म्हणून गावाने ही सवय लावून घेतली ती घेतलीच. गावातले कुत्रेसुद्धा खालच्या आवाजात भुंकतात, असं तूरान म्हणते.

म्हणूनच नबात न्याहारी घेऊन आली की हाक मारत नाही. कालव्याच्या तोंडाशी उभी राहून चमच्याने पितळी ताटावर हलकेच वाजवते. मी उठून तिथवर जाते. चहा, गरम नान, चीज, आणि एका वाटीत गूळ-दुधातला भात. भात अप्रतिम असतो. मी घरी आणून दे म्हटलं तर नबात म्हणाली की घरी त्याला ही चव येत नाही.

बाई वेळेची पक्की आहे. अशी माणसं आता राहिली नाहीत.

८ आबान

रात्रभर उत्तरेचं वारं होतं आणि सकाळी तळं भरलं. तलवार बदकं, थापटे, चक्रांग, हिरव्या डोक्याची बदकं. पलीकडच्या खाचरात कलहंस उतरले. मोजता मोजता बोटं आखडली.

एक गोष्ट लिहून ठेवते. तूरान सकाळी बांधावरून चालत कुटीकडे आली. बांधाखालीच चक्रांगांचा मोठा थवा होता. माणूस इतक्या जवळ आला की चक्रांग उसळतात. ही त्यांच्या अगदी काठावरून गेली आणि थवा उठला नाही. दोन-चार पाखरं जरा बाजूला सरली, म्हैस पाण्यात शिरली की सरतात तशी.

थोड्या वेळाने मश सफर त्याच वाटेने आला. सगळं तळं उडालं.

तूरानला विचारलं. ती म्हणाली की चालण्यात आहे सगळं, तू वर्गात शिरल्यासारखी चालतेस, पाखरांना वाटतं आता गृहपाठ विचारणार. मग मी सावकाश चालून पाहिलं. सगळा थवा माझ्या डोक्यावरून गेला. तूरान पोट धरून हसली. नबातही डोक्यावरच्या रुमालाआड हसली. मला हसू आलं नाही. चालण्याने एवढा फरक पडत नाही.

१७ आबान

पाऊस. मोजणी नाही. मश सफर शेगडीपाशी बोरूची चटई विणत बसला होता, त्याला बदकं धरायच्या दिवसांबद्दल छेडलं. मनात होतं की हा अजून चोरून धरत असणार. बाजारात रानबदकं विकायला असतात, ती कुठून येतात?

त्याने सगळं सांगितलं. अंड्यातून बाहेर आल्यापासून बदकाच्या पिल्लाला कालव्याच्या तोंडाशीच चारायचं. रोज त्याच वेळी, त्याच आवाजावर. रागवायचं नाही, उशीर करायचा नाही. सवय झाली की मोकळं सोडायचं. ते उडतं, रानटी थव्यात मिसळतं, हिंडतं. भूक लागली की परत येतं. रानटी पाखरांना वाटतं, याला चांगली जागा ठाऊक आहे. ती मागोमाग उतरतात. पाळीव पुढे, थवा मागे. कालवा आत वळत जातो, अरुंद होतो, वर बोरूचं छप्पर, मग जाळं.

मी विचारलं की पाळीवही सापडत असेल. तो दुखावला. म्हणाला, पाळलेल्याला कोणी हात लावतं का, खानुम? त्याचा काय दोष? ते काही कपट करत नसतं, बिचारं जेवायला घरी येत असतं.

मग मी थेट विचारलं की हल्ली कोण धरतं. चटईवरून मान वर न करता म्हणाला की हल्ली कोणी नाही, जाळं केव्हाच जाळलं.

माझा विश्वास बसलेला नाही. कालवा सोडून दिलेला असेल तर त्याचा गाळ इतका स्वच्छ कोण काढतं?

२९ आबान

तूरानने पाहुणा आणला आहे. शकीबा नावाचे निवृत्त अभियंते, तेहरानचे. तिच्या ओळखीतले, पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. दोन दिवस राहणार. बोलका माणूस. मला म्हणाले की खानुम फखरी, तुम्ही माझ्याकडे अशा बघता की मला पहिलीपासूनचे पाढे म्हणावेसे वाटतात. मी म्हटलं, म्हणा, घाई नाही. त्यांनी खरंच म्हटले, आणि सातावर अडकले. तूरान म्हणाली की म्हणूनच तुझे पूल पडतात. फार दिवसांनी घरात असा गोंगाट झाला.

नबातने त्यांना पोटभर वाढलं, पण घरात. कालव्याच्या तोंडाशी फक्त माझंच ताट असतं. तूरानचंही पूर्वी असायचं म्हणे, आता तिला लागत नाही.

२ आजर

शकीबा गेले, असं तूरान म्हणते.

परवा सकाळी मी कुटीत होते. धुकं होतं, पण इतकंही नव्हतं. तूरान पुढे आणि ते कॅमेरा गळ्यात घालून मागे, असे दोघे कालव्याच्या कडेने आत जाताना मी पाहिले. ते तिला काहीतरी विचारत होते, ती मागे न बघता हात हलवून चला, चला करत होती. काही वेळाने तूरान एकटी बाहेर आली. म्हणाली की पलीकडच्या रस्त्यावर त्यांना वाहन मिळालं, तुला निरोप सांगायला सांगितलाय.

कालव्याला पलीकडे रस्ता नाही. मी नकाशा पाहिला आहे.

आज नबातच्या चुलीपाशी त्यांचा निळा थर्मास दिसला. विचारलं तर म्हणाली की विसरले असतील, शहरी माणसं विसरतातच. त्यांची बॅगही खोपट्यात आहे. बॅग कोणी विसरत नाही.

मला वाटतं इथे बदकांचा चोरटा धंदा चालतो, शकीबांनी काही पाहिलं, आणि त्यांना धमकावून किंवा त्याहून वाईट काही करून घालवलं. तूरान यात आहे. हे लिहावंसं वाटत नाही, पण आहे.

५ आजर

तूरानला समोर बसवून विचारलं. ती हसली नाही. म्हणाली की तू कॉलेजातही अशीच होतीस, उत्तर ठाऊक असल्याशिवाय प्रश्न विचारायची नाहीस, या वेळी मात्र चुकलीस. मग विचारू लागली की महीन यल्दाला नक्की येणार ना.

मी तिला महीनबद्दल फारसं सांगितलेलं नाही.

९ आजर

आज एकटी कालव्यात गेले. जाळी, पिंजरे, पिसं, काहीतरी सापडेल आणि मी वनखात्याला कळवीन, असं ठरवून गेले.

काही नाही. वळणापर्यंत गेले. खांब उपटलेले, जाळं खरंच नाही. एकही पीस नाही. छपराखाली पाखरू नाही, बेडूक नाही, डाससुद्धा नाही. पाणी मात्र वाहतं आहे, आतल्या बाजूला. तळ्यातून आत. तिकडे उतार नाही, आणि ते कुठे जातं तेही दिसत नाही.

काठच्या चिखलात शकीबांच्या बुटांचे ठसे होते. मोठे, टाचेत खाच असलेले. वळणापर्यंत जातात आणि पाण्याकडे वळतात. ओढाताण नाही, घसरणं नाही. माणूस दारातून आत जातो तसे सरळ. शेजारी तूरानचे ठसे, ते तिथेच थांबतात आणि मागे फिरतात.

मी वळणाच्या पुढे गेले नाही. मागे आल्यावर कळलं की नबात कालव्याच्या तोंडाशी ताट घेऊन उभी होती. तिने ताट पुढे केलं. भूक लागली होती. खाल्लं.

१६ आजर

तूरान दिवसभर पाण्याच्या काठी बसून असते. हाक मारली तर ओ देत नाही. जवळ गेले तेव्हा ती मुठीत कच्चं भात घेऊन टरफलासकट चावत होती. चांदवे तिच्या पायांशी फिरत होते.

मी म्हटलं, तुला डॉक्टरकडे नेते. ती अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली की फखरी जान, मला कोणी बोलावलं होतं, ठाऊक आहे? आपल्या वर्गातला तो चष्मेवाला, फिरूज. पाच हिवाळ्यांपूर्वी. मला वाटलं, याला जुनी मैत्री आठवली.

फिरूज कुठे आहे विचारलं. तिने कालव्याकडे पाहिलं. म्हणाली, थकला की जावं लागतं. मी मुद्दाम काही केलं नाही गं. मला नुसती भूक लागायची, आणि मी परत यायचे, आणि कोणीतरी मागे असायचं.

१८ आजर

तूरान नाही. तिचा पलंग आवरलेला. मश सफरने तिचे गमबूट धुऊन पालथे घातले आहेत.

जायचं. उद्याच. महीनला सांगायचं की येऊ नको, मीच येते.

१९ आजर

सकाळी बॅग घेऊन फाट्यावर गेले. टॅक्सीला हात केला, थांबली. बॅग मागे ठेवली, हे मला स्वच्छ आठवतं. दार उघडलं. आणि लांबून, फार लांबून, ताटावरचा तो हलका आवाज—

मी कालव्याच्या तोंडाशी भात खात होते. बॅग खोलीत होती. नबात माझ्या शालीवरचा चिखल झटकत होती, म्हणाली की इतकं धावत यायचं नसतं, खानुम, दम लागतो.

२१ आजर

जेवत नाही. काल न्याहारीला गेले नाही. खोलीत बसले, कानांत कापूस घातला, दाराला खुर्ची लावली.

संध्याकाळी दातांत भाताचं शीत सापडलं.

२२ आजर

बांधावरून चालत गेले. चक्रांगांचा थवा खाली होता. मी वेगाने चालले, मुद्दाम पाय आपटत. वर्गात शिरल्यासारखी.

उठला नाही.

टाळ्या वाजवल्या. एकाने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा चोच पाण्यात घातली.

२४ आजर

नानवाईच्या दुकानापाशी जाऊन महीनला फोन लावला. शब्द आधी ठरवून गेले होते. येऊ नकोस, इथे आजार पसरला आहे, मी येते.

महीन म्हणाली की आबजी, हे काय, परवा तर तू किती आग्रह केलास. परवा मी फोन केला नव्हता. ती म्हणाली, केलास की, आणि किती हसत होतीस, मी शेजारणीला म्हटलं, इतक्या वर्षांत माझी बहीण फोनवर हसली, तळ्याचं पाणी मानवलं तिला. यल्दाची डाळिंबं घेतलीत, कलिंगड शोधून ठेवलंय, तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत.

मी म्हटलं, ती मी नव्हते. ती हळूच म्हणाली, तुझी तब्येत बरी नाही वाटतं, आता तर मी येणारच.

जे बोलावं ते तिला इकडेच ओढतं. हसले तरी. रडले तरी.

२६ आजर

नबातला धरलं. दंड पिळला तिचा. ती ओरडली नाही, इथे कोणी ओरडत नाही. कांदा चिरता चिरता सांगितलं, जसं कोणी लग्नाची हकीकत सांगतं.

धरणं बंद झालं त्या हिवाळ्यात कालवा गावातली माणसं घेऊ लागला. आधी नानवाईचा भाऊ. मग नबातचा धाकटा मुलगा. आपणहून चालत जायची. बुजवला, तर सकाळी पुन्हा मोकळा. मग पक्षी बघायला आलेला कोणी परका चुकून आत गेला, आणि वसंतापर्यंत गावातलं कोणी गेलं नाही. तेव्हा कळलं. कोणी काही ठरवलं नाही, खानुम, असं ती म्हणाली. पुढच्या परक्याला मी नुसती न्याहारी नेऊन दिली.

मी म्हटलं, माझी बहीण आहे ती. सख्खी. एकच.

ती म्हणाली की माझाही तेव्हा एकच मुलगा उरला होता. आणि तुम्ही का रडता, तुम्हाला कोणी हात लावणार नाही.

२८ आजर

मश सफरला विनवलं. त्याने महीनला फाट्यावरूनच परत पाठवावं. तो पाया पडला माझ्या. म्हणाला, तिला पाठवलं तर इथल्याच कोणाला जावं लागेल, माझी नात सात वर्षांची आहे—

मीच आत जावं? वळणापलीकडे, एकटी, महीन यायच्या आत? गेले होते. पाय वळणाशी थांबतात. मागे फिरतात. शपथेवर सांगते, मी थांबवत नाही.

२९ आजर

पुन्हा दुकानापाशी. फोन लागला. तोंड उघडलं. महीनला सगळं खरं सांगायचं होतं.

मी हसले. किती वेळ हसले. तीही हसत होती. म्हणाली, उद्या दुपारी पोचते, आबजी.

३० आजर

आज यल्दा. खोलीला बाहेरून कडी घालायला लावली आहे. नबातने घातली. कुलूपही. चावी तळ्यात टाक म्हटलं, तिने टाकली, खिडकीतून पाहिलं. पाय पलंगाला बांधलेत, गाठ पक्की आहे. वही मांडीवर.

दुपार. धुकं. टॅक्सीचा हॉर्न. बांधावरून महीन मोठ्याने हाका मारते आहे—आबजी, आबजी—तिला ठाऊक नाही, इथे कोणी—

दाराशी आली. म्हणते, आत कोंडून काय घेतलंस, उघड.

ठरवलेलं बोलले. तुला मी कधी बोलावलं नव्हतं. आयुष्यभर गळ्यात पडलीस. जा. तोंड दाखवू नकोस. हे सगळं मीच बोलले, माझ्या आवाजात, एकदाही हसू आलं नाही.

ती रडली. मग पावलं लांब गेली. टॅक्सी सुरू झाली.

गेली. महीन गेली. सुटली. आता गावाने माझं काय करायचं ते—

पाय गार पडलेत.

पाय ओले आहेत. गाठ—गाठ नाही. खोली नाही. डोक्यावर बोरूचं छप्पर आहे.

टॅक्सी रिकामी गेली.

महीन मागे आहे. माझ्या शालीचं टोक धरून चालते आहे. म्हणते, आबजी, दारातून किती लागट बोललीस आणि लगेच बाहेर येऊन मिठी मारलीस, तुझं काही कळत नाही बाई. म्हणते, चालता चालता काय लिहितेस, पुढे बघ.

परत फिर म्हणायला जाते. तोंडातून हसूच येतं. हात अजून माझा आहे. एवढा एकच.

महीन, मी काय बोलते ते ऐकू नकोस, हे वाच. परत फिर. धाव. गावात थांबू नकोस, नबातच्या हातचं खाऊ नकोस, रस्त्याला लाग.

वही तिच्यापुढे धरली. वळण आलं—

ती डोळे बारीक करून बघते आहे. म्हणते, चष्मा पिशवीत राहिला, नबात खानुमकडे. तूच वाचून दाखव ना, आबजी—

मी तोंड उघडते आहे आणि